वरचा दात काढल्याने नजर जात नाही

वरच्या जबड्यातील दात काढला किंवा तेथे इम्प्लांट (हाडात रुजवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) बसवले की डोळे अधू होतात, हा समज गिरगाव-परळच्या जुन्या बिऱ्हाडांत आजही ऐकू येतो. तो निराधार आहे. दातांची संवेदना ट्रायजेमिनल मज्जातंतूतून मेंदूकडे जाते, तर दृष्टीचा ऑप्टिक मज्जातंतू पूर्णपणे स्वतंत्र असतो. दात जाण्याचे आणि मोतीबिंदूचे वय बहुधा एकच, म्हणून आळ दातावर आला असावा. इम्प्लांटपूर्वी तपासावे लागते ते वेगळेच: वरच्या दाढांच्या मुळांवर हवेची पोकळी असते आणि दात जाऊन बराच काळ लोटला की तिच्याखालचे हाड झिजते, त्यामुळे स्कॅन पाहून प्रसंगी हाडाचे रोपण करावे लागते. अनियंत्रित मधुमेह किंवा धूम्रपानामुळे इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात नीट न रुजण्याचा धोका वाढतो, म्हणून या गोष्टी मात्र डॉक्टरांपासून लपवू नयेत.