नॉन-कस्टोडियल वॉलेटने लॉगिन

पासवर्ड न देता, फक्त स्वतःच्या ताब्यातल्या प्रायव्हेट कीने (गुप्त डिजिटल चावीने) सही करून ब्लॉकचेन प्लॅटफॉर्मवर प्रवेश करण्याची पद्धत. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेली व्यवहारांची खातेवही. वॉलेट या ॲपमध्ये क्रिप्टो नाणी नसतात. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते, वॉलेट फक्त चावी सांभाळते. एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या) खात्यात ही चावी कंपनीकडे असते, म्हणून तिथे विसरलेला पासवर्ड बदलून मिळतो. इथे बदलून देणारे कोणीच नाही.

सीड फ्रेज. मेटामास्कसारखे वॉलेट प्रथम उघडताना १२ इंग्रजी शब्द मिळतात, काही वॉलेट २४ देतात. हीच सीड फ्रेज, तिच्यावरून चावी पुन्हा तयार करता येते. हे शब्द बिप-३९ मानकातल्या २०४८ शब्दांच्या यादीतून येतात. मराठी यादी नाही, त्यामुळे उच्चार ऐकून देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. ‘बरोबर’ आणि ‘लिही’ या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द यादीत आहेत आणि देवनागरीत दोन्ही ‘राइट’च होतात. शब्द इंग्रजी स्पेलिंगने, क्रमांकासह लिहावेत. एखादा शब्द चुकला तर वॉलेट बहुतेक वेळा अडवते, पण १२ शब्दांच्या फ्रेजमध्ये साधारण १६ पैकी एक चूक तपासणीतून निसटते आणि दुसरेच, रिकामे वॉलेट उघडते. म्हणून पैसे टाकण्याआधी शब्दांवरून वॉलेट एकदा परत उघडून त्याचा पत्ता (खाते क्रमांकासारखी ओळख) जुळवून पाहावा.

कोल्हापुरात कागदावर विसंबणे विशेष धोक्याचे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी सखल भागांतल्या घरा-दुकानांत शिरले. स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच घेऊन शब्द ठोकून ठेवणे उत्तम. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे वेगळी असल्याने १२ शब्दांना जास्तीत जास्त ४८ अक्षरे पुरतात. पट्टी उद्यमनगरातल्या कारखान्यातून कापून आणावी, अक्षरे मात्र घरी स्वतःच ठोकावीत. कारागिराला शब्द दाखवले, की चावी दोघांची झाली.

सहीचा क्रम. ‘कनेक्ट’ दाबल्यावर साइटला फक्त पत्ता मिळतो, पण त्यावरून शिल्लक आणि जुने व्यवहारही दिसतात. मग सर्व्हर नॉन्स, म्हणजे एकदाच चालणारा संकेत, देतो. इथेरियमवर ईआयपी-४३६१ या मानकाप्रमाणे वॉलेटमध्ये येणाऱ्या मजकुरात साइटचे डोमेन, पत्ता, चेन आयडी म्हणजे ब्लॉकचेनचा क्रमांक (इथेरियम १, पॉलिगॉन १३७), नॉन्स आणि वेळ असते. सही केल्यावर सर्व्हर त्या सहीवरून पत्ता काढतो, जुळवतो आणि सेशन सुरू करतो. प्रायव्हेट की फोनबाहेर जात नाही, व्यवहार होत नाही, गॅस फी (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचे शुल्क) लागत नाही.

गॅस मागितला तर ते लॉगिन नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण गॅस न मागणारी प्रत्येक सही निर्धोक असते असेही नाही, आणि फसवणूक होते ती नेमकी इथेच. ईआयपी-२६१२ ची ‘परमिट’ सही फुकट असते, तरी तिच्यामुळे दुसऱ्याला तुमची टोकन (ब्लॉकचेनवरची नाणी) उचलण्याचा अधिकार मिळतो. मजकुरात स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन हे शब्द दिसले तर सही नाकारावी. डोमेन अक्षर न् अक्षर वाचावे. सीड फ्रेज लॉगिनसाठी कधीच लागत नाही. ती मागणारी साइट किंवा ‘सपोर्ट’वाला चोरच.

नेहमीच्या अडचणी. प्रोफाइल अचानक रिकामे दिसले तर घाबरू नये. बहुधा वॉलेटमधले दुसरे खाते निवडलेले असते. नॉन्स चुकल्याचा संदेश आला तर पान रिफ्रेश करून नवी सही करावी. फोनचे घड्याळ मागेपुढे असले तरी सही नाकारली जाऊ शकते, तेव्हा वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावी. मोबाइलवरच्या क्रोममध्ये वॉलेटचे एक्स्टेन्शन चालत नाही. तिथे वॉलेटमधलाच ब्राउझर किंवा साइट आणि वॉलेट जोडणारे वॉलेटकनेक्ट वापरावे. एकाच ब्राउझरमध्ये दोन वॉलेट असली तर भलतेच उघडते, म्हणून एक बंद ठेवावे.

‘डिसकनेक्ट’ने साइटशी जोडणी तुटते, आधी दिलेली टोकनची परवानगी मात्र ब्लॉकचेनवर तशीच राहते. ती रद्द करायला वेगळा व्यवहार आणि गॅस लागतो. सीड फ्रेज फुटल्याची शंका आली तर परवानग्या रद्द करत बसू नये. ताबडतोब नव्या शब्दांचे वॉलेट काढून सगळे तिकडे हलवावे आणि मगच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्यावी, कारण ब्लॉकचेनवर गेलेली रक्कम बँकेसारखी गोठवून सहसा परत आणता येत नाही.