अवरक्तातून हिरवा: उतारा किती?

साखरेचा उतारा कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो उसातून बारा किलो साखर निघाली की उतारा बारा टक्के. शिवाजी विद्यापीठात फॉस्फरचे, म्हणजे प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकणाऱ्या पदार्थांचे, पेपर वाचणाऱ्या मुलांना तसाच आकडा हवा असतो: शोषलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) दिसणाऱ्या प्रकाशाचे फोटॉन किती?

मुळात हे घडणंच नियमाला सोडून. पदार्थ शोषतो त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, असं स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलं होतं. लांब तरंगलांबीच्या फोटॉनात ऊर्जा कमी; म्हणून अवरक्तातून हिरव्याकडे, म्हणजे उलट्या दिशेला, जायचं तर दोन फोटॉनांची ऊर्जा एकत्र यायला हवी. १९५९ मध्ये ब्लोमबर्गन यांनी एकाच आयनाने (विद्युतभारित अणूने) ऊर्जेच्या दोन पायऱ्या चढण्याची कल्पना मांडली. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये ओझेल यांनी, तर सोव्हिएत संघात ओव्स्यानकिन आणि फेओफिलोव्ह यांनी स्वतंत्रपणे खरी किल्ली शोधली: यटर्बियम हे मूलद्रव्य ९८० नॅनोमीटरजवळचा अवरक्त प्रकाश शोषतं आणि ऊर्जा शेजारच्या अर्बियम या दुसऱ्या मूलद्रव्याकडे सोपवतं. अर्बियममधून ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश निघतो. अवरक्त दिव्यावर असा फॉस्फर चढवून हिरवे दिवेही बनले. थेट हिरवे एलईडी आल्यावर ते मागे पडले.

दोन घालून एक निघतो, म्हणून कमाल मर्यादा ५० टक्के. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही नाही. २०१० मध्ये बॉयर आणि व्हॅन वेगेल यांनी यटर्बियम आणि अर्बियम मिसळलेल्या सोडियम यट्रियम फ्लोराइडवर मोजमाप केलं. जाडसर भुकटीत ३ टक्के, १०० नॅनोमीटरच्या कणांत ०.३, तर १० नॅनोमीटरच्या आसपास जेमतेम ०.००५. कण लहान झाला की पृष्ठभागच ऊर्जा गिळतो.

मोजायला आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोल वापरतात. नमुना ठेवून आणि काढून लेझरचा उरलेला प्रकाश मोजला की शोषण कळतं. यात खरी डोकेदुखी म्हणजे लेझर प्रचंड प्रखर आणि हिरवा प्रकाश क्षीण, दोन्ही एकाच मापनात धरायचे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच. जास्त ऊस गाळला म्हणून उतारा वाढत नाही. इथे मात्र प्रकाश दाट केला की वाढतो, आणि पुढे कुठेतरी थबकतो. वरचे आकडे चौरस सेंटिमीटरला १५० वॅटचे आहेत. म्हणून तीव्रता न सांगता छापलेला आकडा माझ्या मते निरुपयोगी. ती सांगायची तर लेझरच्या ठिपक्याचा व्यास नीट मोजावा लागतो; आणि ठिपका मधे दाट, कडेला विरळ असतो.