बाळाचे डोळे जन्मानंतरही वाढतात

‘डोळे जन्मापासून तेवढेच राहतात, वाढतात ते नाक-कान’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. साफ चूक! नवजात बाळाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर भरतो, मोठ्या माणसाचा २४. पहिल्या दोन वर्षांत तर तो झपाट्याने वाढतो.

मग बाळाचे डोळे इतके टपोरे का दिसतात? डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जन्मतःच १० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, मोठेपणी जेमतेम १२. त्यात चेहरा चिमुकला, हनुवटी इवलीशी.

मोठं कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की मोठ्यांना सांभाळायची ओढ वाटते, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉन्राड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. कुत्र्याच्या पिल्लाला उचलून घ्यावंसं वाटतं, तेही त्यामुळेच.