मागील बंपर कापणे (ट्रॅक मोटारी)

ट्रॅकवर पळवायच्या मोटारीच्या मागील बंपरचे प्लास्टिकचे आवरण खालच्या बाजूने छाटून टाकण्याची प्रथा. हौशी रेसिंगमध्ये तिला ‘बंपर कट’ म्हणतात. जुन्या होंडा सिव्हिक आणि माझदा एमएक्स-५ अशा हलक्या गाड्यांवर ती बरीच दिसते. गाडीखालून येणारी हवा आवरणाच्या पोकळीत अडकते, बंपर पॅराशूटसारखा फुगतो आणि गाडीला मागे ओढतो, असे तिचे समर्थन केले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रोधगुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते दाखवणारा आकडा) ०.३५ आणि समोरचे क्षेत्रफळ २ चौ. मी. असलेल्या गाडीला ताशी १५० किमी वेगाला सुमारे ७३० न्यूटन रोध होतो. त्यावर मात करायला साधारण ४१ अश्वशक्ती लागते. ताशी २०० किमीला तोच आकडा ९८ च्या घरात जातो. शिवाय यातला मोठा वाटा गाडीच्या मागच्या टोकाशी निर्माण होतो. एस. आर. अहमद यांनी १९८४ मध्ये मोटारीच्या सोप्या प्रतिकृतीवर केलेल्या प्रयोगांत ८५ टक्क्यांपर्यंत रोध दाबातील फरकामुळे होतो आणि त्यातला बहुतेक मागच्या बाजूला तयार होतो, असे आढळले. त्यामुळे मागच्या बाजूवर काम करण्यात अर्थ आहे. प्रश्न आहे तो कापण्याने नेमके काय बदलते हा.

पॅराशूटच्या युक्तिवादात एक भिंत हिशोबातून सुटते. पोकळीत दाब वाढला की तो आवरणाला मागे ढकलतो हे खरे, पण त्याच पोकळीची पुढची भिंत, म्हणजे डिकीचा मागचा पत्रा आणि स्टेपनीची खोलगट जागा, यांना तोच दाब पुढे ढकलतो. गाडीत बसून डॅशबोर्ड ढकलल्याने गाडी हलत नाही, तसेच हे आहे. दोन्ही भिंती सारख्याच खाली उतरत असतील, तर आतला दाब कितीही असला तरी आडव्या दिशेत बेरीज जवळपास शून्य येते. उलट आवरण काढले की त्या पत्र्यावर गाडीमागच्या भोवऱ्यांचा कमी दाब येतो आणि पुढे ढकलणारा जोर नाहीसा होतो.

खरा तोटा होतो तो आवरणाचा जो भाग पुढच्या तळापेक्षा खाली लोंबतो त्याचा, कारण त्याच्यासमोर भिंत नसते आणि वाहती हवा थेट त्यावर आदळते. समजा हा भाग १० सेंमी उंच आणि दीड मीटर रुंद आहे, आणि तिथला दाबफरक त्या वेगाच्या गतिज दाबाच्या (वाहत्या हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या) एक तृतीयांश आहे. ताशी १५० किमीला गतिज दाब सुमारे १,०४० पास्कल असतो. म्हणजे रोध ५० न्यूटनच्या आसपास, जवळजवळ तीन अश्वशक्ती. लांब सरळ पट्टा असलेल्या ट्रॅकवर हे नगण्य नाही. सतत वळणे घेणाऱ्या छोट्या ट्रॅकवर मात्र घड्याळात शोधून सापडणार नाही. छाटायचेच असेल तर तळाच्या पातळीपर्यंत छाटणे पुरे. त्याहून वर अर्धे आवरण कापून आतला सायलेन्सर उघडा पाडला, तर हवा कमी-अधिक प्रमाणात तशीच त्या सायलेन्सरवर आदळते.

चर्चेत मागे पडणारा मुद्दा उचल, म्हणजे हवेचा गाडीला वर ढकलणारा जोर, हा आहे, आणि बऱ्याच गाड्यांत तोच जास्त मोलाचा ठरावा. पोकळी खालून उघडी असते, त्यामुळे आतला दाब डिकीच्या तळाला वर ढकलतो आणि इथे समोरून तोलणारे काही नसते. मागच्या चाकांमागचा तळ ०.८ चौ. मी. धरला आणि दाब केवळ १०० पास्कलने जास्त असला, तरी मागचा भाग सुमारे आठ किलो हलका होतो. वेगवान वळणात मागची पकड तेवढी कमी. हवेला बाहेर पडायला वाट मिळाली की हा जोर उतरतो, आणि त्यासाठी आवरणाला जाळी किंवा फटी पाडल्या तरी चालते.

याहून चांगला उपाय म्हणजे गाडीखाली अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लायवूडचा सपाट तळ बसवून तो मागे हळूहळू वर नेणे, म्हणजेच डिफ्यूझर. मग हवा पोकळीत शिरतच नाही आणि थोडा डाउनफोर्सही (गाडीला खाली दाबणारा जोर) मिळतो. यासाठी बंपरचा मधला भाग कापावा लागतो, पण तेव्हा तो एका मोठ्या रचनेचा भाग असतो. सपाट तळ नसताना नुसते उभे पंख चिकटवलेला ‘डिफ्यूझर’ शोभेपुरता. कापलेल्या बंपरची तुलना कधीकधी ‘काम्म टेल’शी केली जाते, तीही चुकीची. १९३० च्या दशकात जर्मनीत वुनिबाल्ट काम्म यांनी मांडलेली कल्पना निमुळत्या होत गेलेल्या शेपटीचे टोक छाटण्याची होती. पोकळी उघडी करण्याची नव्हे.

फायदा मोजणे अवघड आहे. रोधाचा अंदाज घ्यायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून वेग कसा उतरतो ते पाहतात, पण ताशी १५० किमीला समोरून नुसता ५ किमीचा वारा आला तरी रोध सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या सगळ्या फायद्याएवढा. म्हणून दोन्ही दिशांना अनेक फेऱ्या घेऊन सरासरी काढावी लागते. आवरणावर आणि तळाला लोकरीचे धागे चिकटवून मागच्या गाडीतून चित्रीकरण केले, तर निदान हवा कुठे शिरते आणि कुठे नुसती घुटमळते ते दिसते. पोकळीत नळी घालून दाबमापकाने वाचन घेतात, पण फक्त आवरणाच्या आतला आकडा पाहिला तर वर सांगितलेली चूक पुन्हा होते. समोरच्या पत्र्यावरचा दाबही घ्यावा लागतो.

वजनातली बचत किरकोळ असते, कारण आवरणाचे प्लास्टिक मुळात हलके असते. सायलेन्सरची उष्णता बाहेर पडणे आणि जास्त वेगात सैल आवरण फडफडून क्लिपा तुटणे थांबणे हे फायदे मात्र प्रत्यक्ष मिळतात. आवरणामागचा धातूचा आडवा दांडा धक्का पेलण्यासाठी असतो. छाटताना त्याला हात लावत नाहीत. कापलेली कड वाळू कागदाने घासून गोल करतात, नाहीतर तिथून प्लास्टिकला तडा जातो.