विधिवत जादूचे ध्येय भुते वश करणे नव्हे

"पाश्चात्य विधिवत जादूचे अंतिम ध्येय म्हणजे सैतानाला वश करून धन मिळवणे," असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो अगदीच निराधार नाही, कारण युरोपातील जुन्या मंत्रपोथ्यांत गुप्तधन शोधण्याचे विधी खरोखरच आहेत. मात्र ज्या 'अब्रामेलिन' या जुन्या जादूविषयक ग्रंथावरून या परंपरेतील अनेक आधुनिक शाखांनी आपले ध्येय घेतले, त्यातील क्रम वेगळा आहे: फ्रेंच प्रतीनुसार सहा महिने, तर १६०८ सालच्या जर्मन हस्तलिखितानुसार दीड वर्ष एकांत, प्रार्थना आणि शुद्धाचरण, मग आपल्या रक्षक देवदूताशी साक्षात संवाद, आणि दुष्ट शक्तींना आज्ञा देणे त्याच्याही नंतर. धनप्राप्तीची अक्षरयंत्रे (चौकोनात मांडलेली अक्षरे) ग्रंथात आहेत, हे मान्यच करावे लागेल. पण ती साधनेनंतरची. छापील इंग्रजी भाषांतर १९व्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध असल्याने हा क्रम कोणालाही स्वतः पडताळता येतो.