पडवीतले दोन स्पीकर

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीला अर्धा तास असताना, आमच्या देवगडच्या घरातला रिसिव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात तो डबा, बंद पडला. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने सकाळी माळ्यावरचे दोन जुने लाकडी स्पीकर खाली काढले होते. माजघरात ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर असलेलं, होम थिएटर आहे. त्याच्या पुढच्या दोन स्पीकरच्या तारांनाच त्याने नव्या तारा पिळल्या आणि त्या भिंतीवरून पडवीत नेल्या. दर्शनाला येणारी माणसं पडवीत बसतात, त्यांनाही अभंग ऐकू यावेत हा त्याचा हेतू. दिवसभर हळू आवाजात सगळं नीट चाललं. संध्याकाळी पाऊस लागला, कौलांवरच्या आवाजात गाणं बुडायला लागलं म्हणून कोणीतरी आवाज चढवला. रिसिव्हरच्या पोटात 'टक्' झालं आणि सगळं शांत.

"आवाज खंय गेलो?" काकांनी विचारलं, आणि मग जरा थांबून, "दोन स्पीकर वाढवले तर आवाज वाढूक नको?"

काकांचा हा प्रश्न घरोघरी पडतो. स्पीकर म्हणजे दिव्यासारखा, एक जास्त लावला की उजेड जास्त, असं वाटणं साहजिक आहे. पण स्पीकर स्वतः काही पुरवत नाही, तो मागतो. पुरवतो तो रिसिव्हरच्या पोटातला ॲम्प्लिफायर.

शाळेत ओहमचा नियम शिकलो होतो तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली तो मांडला: व्होल्टेज तेवढंच ठेवून रोध कमी केला, तर त्या प्रमाणात विद्युतधारा वाढते. आमचे माजघरातले पुढचे स्पीकर ६ ओहमचे, माळ्यावरचे ८ ओहमचे. तारा पिळून जोडले म्हणजे ते समांतर जोडणीत गेले, आणि समांतर जोडणीत एकूण रोध दोघांतल्या लहान रोधापेक्षाही कमी होतो. ६ आणि ८ चे मिळून होतात सुमारे ३.४ ओहम. समजा त्या क्षणी रिसिव्हर २० व्होल्ट देत होता. एकट्या ६ ओहमच्या स्पीकरने साधारण ३.३ अँपिअर ओढले असते. जोडीने ५.८ अँपिअर ओढले. तेही डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही चॅनेलवर, बंद लाकडी कपाटात, भाद्रपदातल्या दमट हवेत. रिसिव्हरच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ६ ते १६ ओहम. त्याच्या ट्रान्झिस्टरना ती धारा झेपणार नव्हती, म्हणून संरक्षक रिलेने, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या आतल्या स्विचने, स्पीकरची जोडणी तोडली. यंत्र बिघडलं नव्हतं, शहाण्यासारखं वागलं होतं. अर्ध्या तासाने ते पुन्हा सुरू झालं.

स्पीकरच्या मागे लिहिलेला '८ ओहम' हा आकडाही सरसकट खरा नसतो. चुंबकाच्या फटीत तारेचं एक वेटोळं, त्याला चिकटलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू, ही स्पीकरची रचना १९२५ साली राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी मांडली आणि ती मूळ रूपात आजही तीच आहे. पण चुंबकात हलणारं वेटोळं म्हणजे एक छोटा जनित्रसुद्धा असतो! शंकू जोरात हलला की वेटोळं स्वतः उलट व्होल्टेज तयार करतं आणि येणाऱ्या धारेला अडवतं. म्हणून खालच्या सुरात एका ठरावीक कंप्रतेला हाच ८ ओहमचा स्पीकर २०-३० ओहमसारखा वागतो, आणि तिथून थोडं वर गेलं की ६-७ ओहमवर उतरतो. या बदलत्या अडथळ्याला इंपीडन्स म्हणतात. छापलेला आकडा ही ॲम्प्लिफायरसाठी दिलेली सूचना आहे: कमीत कमी साधारण एवढं ओझं धरून चाल.

मल्टिमीटर घरी असेल तर स्पीकर रिसिव्हरपासून सोडवून त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजून बघा. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या मध्ये कुठेतरी आकडा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. माळ्यावरच्या स्पीकरची चिठ्ठी कधीच गळून गेली होती. त्यांचा रोध आम्ही असाच ओळखला.

भावाचं पुढचं म्हणणं होतं, मग एकसर जोडू. बेरीज होईल, १४ ओहम, रिसिव्हरला आराम. ओझ्याचं गणित बरोबर आहे. पण एकसर जोडणीत व्होल्टेज दोघांत वाटलं जातं, आणि वाटणी ठरते त्या क्षणीच्या इंपीडन्सवरून. एकाचा इंपीडन्स ज्या सुराला वर चढतो, त्या सुराला तो जास्त वाटा घेतो आणि दुसऱ्याला उपाशी ठेवतो. दोन्ही स्पीकर हुबेहूब एकसारखे असतील तर हे चालतं. वेगळे असतील तर दोघांचाही सूर बिघडतो.

इथे 'मॅचिंग' या शब्दाबद्दल बोलायला हवं. रेडिओ दुरुस्त करणारी जुनी माणसं 'ओहम जुळवा' असं सांगायची, आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, जुन्या ॲम्प्लिफायरसाठी ते खरंच होतं. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ ओहम अशी वेगवेगळी टोकं असत आणि स्पीकर त्याच आकड्याच्या टोकाला जोडायचा असे. आजच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध ओहमचा अगदी लहान अंश असतो. तिथे बरोबरी साधायची नसते, ओझं झेपेल एवढंच बघायचं असतं. ८ ओहमच्या ॲम्प्लिफायरला १६ ओहमचा स्पीकर लावला तर काही जळत नाही, फक्त शक्ती निम्मी मिळते. उलट केलं तर मात्र आमच्यासारखं होतं.

मग जत्रेत एकाच ॲम्प्लिफायरवर दहा-दहा भोंगे कसे चालतात? देवळापासून थेट रस्त्यापर्यंत, बारीक तारेवर? मला हा प्रश्न लहानपणापासून होता, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. साउंडवाल्याच्या ॲम्प्लिफायरला मागे '१०० व्होल्ट लाइन' असं एक टोक असतं. १०० वॅट शक्ती ८ ओहमच्या स्पीकरला थेट द्यायची तर साडेतीन अँपिअर धारा लागते. तीच शक्ती १०० व्होल्टवर पाठवली तर एकच अँपिअर पुरतो. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे तारेत वाया जाणारी शक्ती साडेबारा पटींनी घटली. मोठ्या मनोऱ्यांवरून वीज उच्च दाबाने नेतात त्यामागचं तत्त्वही हेच. प्रत्येक भोंग्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज पुन्हा खाली आणतो. १० वॅटच्या टोकावर जोडलेला भोंगा लाइनला तब्बल १००० ओहमचा दिसतो. असे दहा समांतर जोडले तरी १०० ओहम. साउंडवाल्याला ओहमचा हिशेब करावाच लागत नाही, तो फक्त वॅटची बेरीज करतो आणि ती ॲम्प्लिफायरच्या आत ठेवतो. घरच्या रिसिव्हरला ही सोय नाही, आणि या दोन पद्धतींची सरमिसळ कधीही करू नये.

आता वॅटकडे येऊ, कारण दुकानात सगळं बोलणं वॅटवरच चालतं. मला वाटतं ग्राहकाची सगळ्यात जास्त दिशाभूल याच आकड्याने होते. रिसिव्हरवर 'दर चॅनेलला १०० वॅट' लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेलं असतं. पाचही चॅनेल एकदम मागायला लागले की वीजपुरवठा एकच असल्याने वाटणी घटते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. ठरावीक विजेवर, एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल आवाज देतो, ते हा आकडा सांगतो. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८५ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट देऊन जो आवाज मिळतो, तो ९१ डेसिबलचा स्पीकर साडेबारा वॅटमध्ये देतो. जास्त संवेदनशील स्पीकर घेणं हा ॲम्प्लिफायर चौपट करण्यासारखाच उपाय आहे.

पावसाने आमच्याकडे नेमकं इथेच गाठलं. कौलांवर, आणि त्याहून पत्र्यावर, आषाढ-श्रावणात जो आवाज होतो तो गाण्याला झाकून टाकतो. त्याच्या वर यायला समजा १० डेसिबल जास्त हवेत. कानाला ते साधारण दुप्पट वाटतं, ॲम्प्लिफायरला मात्र दहापट शक्ती द्यावी लागते. १५ वॅटवर चाललेलं काम १५० वर जातं. एवढं त्याच्याकडे नसतं, मग तो ध्वनिलहरींचे माथे सपाट कापायला लागतो. कापलेल्या लहरीत वरच्या सुरांचा भरणा वाढतो आणि तो सगळा जातो नाजूक ट्विटरकडे, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरकडे. 'लहान ॲम्प्लिफायर सुरक्षित' असं समजून वापरणाऱ्यांचे ट्विटर याच रीतीने जळतात. पाऊस कोसळत असताना आवाज चढवू नका, स्पीकर जवळ आणा. मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल फुकट मिळतात, खोलीत थोडे कमी.

ओहम आणि डेसिबल जमले तरी सुराचं जमायला हवं. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन याला बोलपटात खटकलं ते हेच: नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला, त्यातून आजचा स्टिरिओ आला. पुढचे तीन स्पीकर, डावा, मधला, उजवा, एकाच जातीचे असावेत यामागे हेच कारण आहे. बोलणारा माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला आणि मधल्या स्पीकरवर येताच त्याचा गळा बदलला, तर कान लगेच फसवणूक ओळखतो. मागचे स्पीकर वेगळे असले तर तेवढं जाणवत नाही. सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे तो रिसिव्हरवर ओझं टाकत नाही, उलट हलकं करतो. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे वळवलं की रिसिव्हरची पुष्कळ धारा वाचते. त्या सुराची एक लहर चार मीटरहून लांब असते, त्यामुळे तो कोणत्या कोपऱ्यातून येतो हे कानाला नीट कळतही नाही.

पडवीचं काम शेवटी सोपं निघालं. रिसिव्हरच्या मागे 'प्री-आउट' लिहिलेली दोन भोकं होती. तिथून निघतो तो नुसता संकेत, व्होल्टभराचा, जवळजवळ धारा नसलेला. तो भावाने शेजारच्या घरातल्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला दिला आणि त्या ॲम्प्लिफायरने माळ्यावरचे स्पीकर उचलले. दोन ओझी दोन खांद्यांवर गेली. माळ्यावरचे स्पीकर जास्त संवेदनशील होते, त्यामुळे पडवीत आवाज मोठा येत होता, तोही आता वेगळा कमी करता आला.

तारेचंही बघावं लागलं. माजघरापासून पडवीपर्यंत १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं. भावाने वापरलेली पाऊण चौरस मिलिमीटरची तार एवढ्या लांबीत ०.४५ ओहम खात होती. दीड चौरस मिलिमीटरची घातल्यावर ते निम्म्यावर आलं. शिवाय आमच्याकडे खारा वारा आहे. उघडं तांबं वर्षभरात काळं पडतं, हिरवं पडतं, आणि जोड सैल असेल तर आवाज खरखरतो, मधूनच जातो. म्हणून दर वर्षी गणपतीला घर उघडलं की आधी प्रत्येक तारेचं टोक बोटभर कापायचं, नवं चकचकीत तांबं काढायचं, पिळून घट्ट बसवायचं, आणि रिसिव्हर कपाटातून बाहेर काढून, मागे हात जाईल एवढी जागा सोडून ठेवायचा.