विलिस की हॅनकॉक? शिकागोतले दोन काळे टॉवर

शिकागोत नवं बिऱ्हाड थाटलं की भारतातून आई-बाबा येतात, आणि "उंचावरून शहर बघायचं" हा कार्यक्रम ठरतो. मग गोंधळ सुरू होतो. इथे गच्च्या दोन. दोन्ही काळ्या टॉवरांवर, दोन्हींच्या डोक्यावर पांढऱ्या अँटेनांची जोडी. दोन्ही टॉवर एकाच फर्मचे, स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलचे. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम आणि आपल्या ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फजलूर खान ही जोडगोळीही दोन्हीकडे तीच. त्यात भर म्हणजे दोघांचीही नावं बदलली. सिअर्स टॉवर २००९ मध्ये विलिस झाला. जॉन हॅनकॉक सेंटरचं नाव २०१८ मध्ये निघालं आणि नुसता पत्ता उरला: ८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू. जुने शिकागोकर आजही सिअर्स आणि हॅनकॉकच म्हणतात. गच्च्यांची नावं मात्र आणखी वेगळी. 'स्कायडेक' म्हणजे विलिस आणि '३६० शिकागो' म्हणजे हॅनकॉक, एवढं डोक्यात ठेवा.

रस्त्यावरून ओळखणं सोपं आहे. हॅनकॉक वर निमुळता होत जातो आणि त्याच्या अंगावर फुल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. वाऱ्याचा जोर पेलणारे ते तिरके पोलादी खांब आहेत. विलिसला फुल्या नाहीत. त्यात नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या मजल्यांवर थांबतात, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी चढल्यासारखा दिसतो.

विलिस ४४२ मीटर उंच, हॅनकॉक ३४४. स्कायडेक १०३व्या मजल्यावर, ३६० शिकागो ९४व्या. बहुतेक लोक इथेच निर्णय घेतात: जास्त उंच ते जास्त चांगलं. मला हा हिशेब पटत नाही. विलिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात, नदीच्या बाजूला, मिशिगन लेक या प्रचंड सरोवरापासून मैलभर आत आहे. तिथून लेक दिसतो, पण इमारतींच्या पलीकडे. आणि ज्यासाठी लोक रांग लावतात ते 'लेज', म्हणजे भिंतीबाहेर काढलेले काचेचे चौकोन, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. पायाखाली रस्ता आणि नदी, समोर क्षितिजापर्यंत सपाट शहर. लेक तुमच्या पाठीमागे. सूर्यास्ताला मात्र ही जागा झकास.

हॅनकॉक लेकच्या अगदी जवळ उभा आहे. खाली ओक स्ट्रीट बीच, त्याला वळसा घालून जाणारा लेक शोअर ड्राइव्ह आणि पुढे समुद्रासारखं पसरलेलं पाणी. दक्षिणेकडे वळलात की सगळी लूप समोर, विलिससकट. विलिसवरून विलिस दिसत नाही, हा त्याचा मोठा तोटा! म्हणून पाहुण्यांना एकच गच्ची दाखवायची असेल तर मी हॅनकॉकला नेईन. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर विलिस, कारण काचेवर उभं राहिल्याचा फोटो त्याला हवाच असतो. लेज तिकिटातच येतं. हॅनकॉकवरचं 'टिल्ट', माणसांसकट ३० अंश बाहेर झुकणारी काचेची भिंत, यासाठी वेगळे पैसे पडतात. आजी-आजोबांना ते नकोच.

"तिकीट कशाला काढता, हॅनकॉकच्या ९६व्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये एक ड्रिंक घ्या" हा सल्ला अजून फिरतोय. ते लाउंज २०२३ मध्येच बंद झालं.

निघण्याआधी खालून वर बघा. अँटेना ढगात गेल्या असतील तर दोन्हीकडे पांढऱ्या काचेपलीकडे काही दिसणार नाही. अशा दिवशी मिशिगन अव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूटला जा. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण तिथेच झालं होतं.